समुद्री टँकसाठी दगड आणि वाळू: मी ‘लाइव्ह रॉक’ का घेतला नाही

या भागाचा मजकूर नेहमीसारखा जवळपास बोललो तसाच ठेवलाय. फक्त मधले ‘अं’ आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात.

मागच्या भागात आपण टँक आणि स्टँडबद्दल बोललो. त्यावर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच प्रश्नाच्या आल्या. मोशीतून, चिखलीतून, एक तर थेट चाकणच्या कंपनीच्या बसमधून, मागे हॉर्न वाजतोय आणि हा विचारतोय, “दादा, लाइव्ह रॉक कुठून घेतला? किलोचा भाव काय?” तर आजचा भाग त्याच्यासाठी. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते जाऊ शकतात: मी लाइव्ह रॉक घेतलाच नाही. आणि घेणार होतो, ॲडव्हान्सपण देऊन बसलो होतो. 2000 रुपये. ते परत आले नाहीत.

आता नीट सुरुवातीपासून.

गोड्या पाण्याच्या टँकमध्ये आपण फिल्टर लावतो, त्यात स्पंज असतो, त्या स्पंजावर बॅक्टेरिया वाढतात आणि माशांची घाण पचवतात. समुद्री टँकमध्ये हेच काम मुख्यतः दगड करतो. दगड सच्छिद्र असतो. बाहेरच्या भागात, जिथे ऑक्सिजन पोचतो, तिथले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोल, जिथे ऑक्सिजन जवळपास संपतो, तिथले वेगळे बॅक्टेरिया त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे दगड हा शोभेचा भाग नाही, तोच फिल्टर आहे. ही गोष्ट माणसाला कळली तीसुद्धा आशियातच. इंडोनेशियातल्या ली चिन एंग नावाच्या माणसाने 1961 मध्ये लिहून सांगितलं की समुद्रातला जिवंत दगड टाकीत ठेवला आणि नुसती हवा सोडली तरी टाकी चालते. पुढे जर्मनीत बर्लिनच्या लोकांनी त्यावर स्किमर आणि चांगले दिवे चढवले, आणि आज जगभर जी पद्धत चालते ती त्यातून आली.

तर लाइव्ह रॉक म्हणजे काय? नाव फसवं आहे. दगड स्वतः जिवंत नसतो. बहुतेक वेळा तो मेलेल्या कोरलचा सांगाडा असतो. कोरल म्हणजे आपलं प्रवाळ. (अंगठीतलं पोवळं वेगळं बरं का, ते भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचं. आजीला घाबरवू नका.) त्या सांगाड्यावर आणि त्याच्या भोकांमध्ये बॅक्टेरिया, शेवाळ, स्पंज, किडे, बारीक खेकडे राहतात. ते सगळं मिळून ‘लाइव्ह’.

आणि नेमकी इथेच आपली, म्हणजे भारतातल्या लोकांची, गोष्ट अमेरिकन यूट्यूबपेक्षा वेगळी होते.

माझ्या बाबतीत झालं असं. पाच-सहा महिने व्हिडिओ बघून झाले होते, टँक आला होता, 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरचा. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका विक्रेत्याने फोटो टाकले. ‘प्रीमियम लाइव्ह रॉक, समुद्रातून थेट, पार्सल मिळेल.’ फोन केला तर माणूस गोड बोलला. “साहेब, गॅरंटीचा माल आहे.” कुठल्या समुद्रातला, विचारलं. तर म्हणाला, “समुद्र तो समुद्र.” मी हसलो आणि ॲडव्हान्स पाठवला. रात्री ते फोटो परत झूम करून बघत होतो, कुठला दगड कुठे ठेवायचा ते ठरवायला. तेव्हा दिसलं की दगडावर चांदण्या आहेत. एकसारख्या, एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येकीत मध्यातून बाहेर जाणाऱ्या बारीक भिंती. दोन दगडांवर त्या झिजलेल्या होत्या, पण तिसऱ्यावर इतक्या स्वच्छ की काल-परवापर्यंत त्यात जीव असावा.

त्या चांदण्या म्हणजे कोरलची घरं. प्रत्येक चांदणीत एक पॉलिप राहतो. म्हणजे मी दगड नाही, कडक कोरल विकत घेत होतो.

आणि कडक कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. 2001 मध्ये त्यात आलं. कडक कोरलचा सगळा गट, म्हणजे ज्याला स्क्लेरॅक्टिनिया म्हणतात तो पूर्ण; शिवाय काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल, सी फॅन. समुद्रघोडेही त्याच वर्षी आले. अनुसूची 1 म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती यादी. गंमत नाही करत. या यादीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. आणि कायदा फक्त जिवंत प्राण्याला लागू होत नाही, त्याचे भाग आणि त्यापासून बनलेल्या वस्तूही त्यात येतात. म्हणजे “मेलेलं आहे हो, नुसता सांगाडा” हे उत्तर नाही. वाघाचं कातडंही मेलेलंच असतं.

मी त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला, ऑर्डर रद्द म्हणालो. त्याने काय उत्तर दिलं असेल? “सगळेच घेतात साहेब.” पैसे गेले. आयटीतल्या माणसाने 2000 रुपये अशा पद्धतीने घालवले हे ऑफिसमध्ये सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सांगतोय.

एक तुलना सांगतो, त्याने मला हे पक्कं कळलं. मुंबईचा कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर कोरल सापडलं. 2020 च्या शेवटी वरळीच्या 18 वसाहती उचलून कुलाब्याला नेव्ही नगरजवळ नेऊन लावल्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केलं, आणि त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. 18 वसाहती, हजारो कोटींचा सरकारी प्रकल्प, तरी परवानगी. आणि इथे एक माणूस कुरिअरने चाकणला थर्माकोलच्या खोक्यात पाठवायला तयार आहे.

बरं, कायदा बाजूला ठेवू. नुसता दगड म्हणून विचार करू. गोल, भरीव जातीचं कोरल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढा दगड टँकच्या कोपऱ्यात बसवायचा तर त्याला वाढायला लागलेली वर्षं आपल्या शाळेच्या सगळ्या वर्षांएवढी. आणि किलोवारी काढत गेलं की काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात बांधकामाला आणि चुन्याला कोरल वर्षानुवर्षं खणून काढलं. तिथली 21 बेटं होती. त्यातली दोन, विलांगुचल्ली आणि पूवरसनपट्टी, आता पाण्याखाली आहेत. कोरलचा खडक लाटांना अडवतो; तो गेला की बेटाला धरून ठेवायला काही राहत नाही.

आपल्याकडेही आहे हो कोरल. लोकांना वाटतं कोरल म्हणजे अंदमान आणि लक्षद्वीप. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला आहे, ते सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथे तर पूर्ण बुडालेला प्रवाळ खडक आहे. आणि मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला लोकांना खडकांवर फिरवतात, तिथे मी गेलो होतो. पहाटे पिंपरीतून लोकल-एक्स्प्रेस करत. पायात जुने बूट, आणि दर दोन पावलांनी कुणीतरी ओरडायचं, “तिथे पाय नको!” एका हाताएवढ्या दगडावर कालवं, स्पंजाचा नारिंगी पट्टा, झोअँथिडचं गालिच्यासारखं आवरण, आणि एका फटीत बोटाएवढा खेकडा. खरा लाइव्ह रॉक मी तिथे बघितला. तो जिथे आहे तिथेच बघायचा, उलटा करून ठेवला असेल तर परत सुलटा करायचा. घरी तो आणलाच असता तर पहिल्या आठवड्यात त्यातलं निम्मं मेलं असतं आणि टँकचा अमोनिया आकाशाला गेला असता. हा फायद्या-तोट्याचा भाग व्हिडिओत कमी सांगतात.

“पण आमच्याकडे मिळतो तो इम्पोर्टेड असतो,” असं कुणी म्हणेल. तर कागद मागा. कडक कोरल हे साइट्स नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालीही येतं, परमिटशिवाय त्याची ने-आण करता येत नाही. कागद नाही तर माल नाही, एवढं सोपं. माझ्या अनुभवात कागद विचारला की समोरचा ऑफलाइन जातो.

मग काय वापरायचं? ड्राय रॉक. यात दोन प्रकार येतात. एक, बाहेरच्या देशात जमिनीवरून खणलेला, हजारो वर्षांपूर्वीच्या प्रवाळ खडकाचा. तो छान असतो पण परत तोच प्रश्न, कागद. दुसरा, माणसाने बनवलेला: सिरॅमिकचा भाजलेला किंवा सिमेंटचा. मी दुसरा घेतला. थोडा विकत, थोडा घरी केला.

घरी करायचा तर पांढरं पोर्टलँड सिमेंट एक भाग आणि शिंपल्यांचा चुरा तीन ते चार भाग. शिंपल्यांचा चुरा कुठे मिळतो? पोल्ट्री फीडच्या दुकानात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना कॅल्शियमसाठी घालतात, ‘शेल ग्रिट’ म्हणून मागा. भोसरीकडे, चाकणकडे जाताना अशी दुकानं दिसतील. दुकानदाराने मला विचारलं, “किती कोंबड्या?” मी म्हणालो, मासे आहेत. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मिश्रणात जाडं खडेमीठ घालायचं. सिमेंट घट्ट झाल्यावर पाण्यात मीठ विरघळतं आणि भोकं राहतात. ओल्या वाळूत खड्डा करून त्यात ओतायचं, म्हणजे आकार वेडावाकडा येतो. सरळ विटेसारखा केला तर टँकमध्ये बांधकाम चालू आहे असं वाटतं.

आता महत्त्वाचं. नवीन सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच खूप वर जातो. म्हणून चार ते आठ आठवडे पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि एक दिवस तेच पाणी न बदलता ठेवून पीएच मोजायचा. साडेआठच्या खाली स्थिर राहिला की झालं. घाई करू नका, माझे पहिले दोन दगड मी पाच आठवड्यांत काढले आणि परत बादलीत टाकावे लागले. पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे, त्यामुळे मी आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते बादलीत जमवून यासाठी वापरलं. भिजवायला ते चालतं. टँकमध्ये नाही चालत, ते पुढच्या भागात.

विकतचा ड्राय रॉक घेतला तरी भिजवाच. त्यात फॉस्फेट साठलेलं असू शकतं, ते हळूहळू सुटतं आणि सहा महिने हिरवं शेवाळ पोसत राहतं. दोन-तीन आठवडे खाऱ्या पाण्यात, पंप चालू ठेवून भिजवायचं आणि फॉस्फेटची टेस्ट करायची. काही लोक ॲसिडने धुतात. फ्लॅटच्या बाथरूममध्ये हे करू नका. आणि ॲसिड आणि ब्लीच कधीच, कधीच एकत्र नाही. क्लोरीन वायू तयार होतो. तो शेवाळ आणि माणूस यांत भेद करत नाही.

आता आपल्या पट्ट्यातल्या खास प्रश्नांकडे येतो, कारण हे प्रश्न मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळाले नाहीत.

पहिला: “घराजवळ टेकडीचा काळा दगड आहे, तो चालेल का?” आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याचा. विषारी नाही. पण तो घट्ट आणि जड असतो, आत छिद्रं जवळपास नसतात, म्हणजे बॅक्टेरियाला फक्त वरची त्वचा मिळते. भोकं असलेला प्रकारही मिळतो, पण त्या भोकांमध्ये बऱ्याचदा पांढरे स्फटिक भरलेले असतात, झिओलाइट. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभर खनिजं जमवणाऱ्यांत प्रसिद्ध आहे, ते अशाच दगडात सापडतं. शोकेसमध्ये ठेवा, टँकमध्ये नको.

दुसरा प्रश्न एका फाउंड्रीत काम करणाऱ्या भावाचा. “आमच्याकडे वाळू टनाने पडून आहे.” दादा, ती वाळू सिलिका असते, तिच्यावर साच्यासाठी रेझिन लावलेलं असतं, आणि वापरलेली असेल तर त्यात धातूचे कण असतात. त्यातलं तांबं समुद्री टँकमध्ये माशांच्या आधी कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मारतं, अगदी थोडं असलं तरी. तर नाही.

त्यानेच पुढे विचारलं, आणि हा प्रश्न मला आवडला: वितळलेला धातू गाळायला जे सिरॅमिक फोमचे फिल्टर वापरतात, ते दिसायला अगदी दगडासारखे असतात, भोकंच भोकं. ते चालतील का? मीही क्षणभर उडालो. मग वाचलं तर कळलं की ॲल्युमिनियमसाठीचे बरेच फिल्टर फॉस्फेटच्या बाइंडरने बांधलेले असतात. म्हणजे जे आपण तीन आठवडे भिजवून बाहेर काढतोय तेच आत न्यायचं. सोडून द्या. पण शॉप फ्लोअरवरून एक गोष्ट नक्की घ्या: ॲक्रिलिकच्या कांड्यांचे तुकडे. दगडांत भोक पाडून आतून कांडी घातली की डोंगर पडत नाही.

किती दगड लागतो? जुना हिशेब 100 लिटरला 12 ते 18 किलोचा होता, तो जड दगडाचा. आताचा सच्छिद्र दगड हलका असतो, माझ्या टँकमध्ये खरं पाणी साधारण 100 लिटर आहे आणि दगड 9 किलो. किलोपेक्षा जागा बघा: एक तृतीयांशापेक्षा जास्त टँक भरू नका, आणि काचेपासून चार बोटं अंतर सोडा, नाहीतर काच पुसायचं मॅग्नेट फिरत नाही. हे मी सोडलं नव्हतं. एका बाजूला अजूनही टूथब्रशने घासतो.

आता वाळू. वाळूवर खरं तर मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण तिच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त बोललं जातं.

वाळू अरॅगोनाइटची घ्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. दुकानात न समजता काहीही देतात, म्हणून एक चमचा वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर कार्बोनेट, नाहीतर सिलिका. दुसरी टेस्ट, फ्रिजवरचं मॅग्नेट वाळूतून फिरवा. काळे कण चिकटले तर परत द्या. कार्बोनेटची वाळू पीएच सांभाळते असं सांगतात, ते अर्धसत्य आहे. टँकच्या नेहमीच्या पीएचला ती फारशी विरघळतच नाही. ती घ्यायची कारण ती स्वच्छ असते, रंग बरा दिसतो आणि तळाशी झोपणाऱ्या माशांना टोचत नाही.

दाणा केवढा? रव्यासारखी बारीक घेतली तर पंप लावला की वादळ येतं. साबुदाण्याएवढी घेतली तर घाण फटींत जाऊन बसते. वरीच्या तांदळाएवढी, एक ते दोन मिलिमीटर, ही बरोबर. थर तीन सेंटिमीटर. माझ्या टँकच्या तळाला हिशेब असा: 60 गुणिले 45 गुणिले 3, म्हणजे 8.1 लिटर वाळू, साधारण 10 ते 11 किलो. दहा सेंटिमीटरचा खोल थर करून नायट्रेट कमी करायची पद्धतही आहे, पण नवख्याने नको. मध्येच उकरला तर आतला हायड्रोजन सल्फाइड बाहेर येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा, आणि तो माशांना विषारी.

पिशवीत ओली ‘लाइव्ह सँड’ मिळते. वाईट नाही, पण दुप्पट पैसे देण्याएवढं त्यात काही नाही. त्यात बॅक्टेरिया असतात, किडे-मुंग्या नाही. कोरडी घ्या, बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा.

आणि किनाऱ्यावरची? अलिबागहून, तारकर्लीहून एक गोणी आणली तर? कोकणात बऱ्याच किनाऱ्यांच्या वाळूत लोहाची काळी खनिजं असतात, रत्नागिरीकडे तर इल्मेनाइट आहे. शिवाय सीआरझेडच्या नियमांत किनाऱ्यावरून वाळू-दगड काढायला मनाई आहे. सहलीला गेलात तर फक्त बुटांतली आणा.

क्रम लक्षात ठेवा: आधी दगड थेट काचेवर, मग भोवती वाळू. वाळूवर दगड ठेवला आणि पिस्तूल कोळंबीने खालून खणलं, तर रात्री दोन वाजता आवाज येतो. कसला, ते तुम्हाला कळेल.

आता मेलेला दगड जिवंत कसा होतो? बॅक्टेरिया बाटलीत मिळतात, ते टाकायचे आणि त्यांना खायला अमोनिया द्यायचा. अमोनियासाठी आपल्याकडे एक जुना पदार्थ आहे, नवसागर, कल्हईवाले वापरायचे तो. तेच अमोनियम क्लोराइड. पण कल्हईचा नको, त्यात धातू असू शकतात. लॅब ग्रेडची छोटी बाटली घ्या. 100 लिटरला पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं कमी टाकलं की अमोनिया साधारण 2 पीपीएम होतो. मासा टाकून सायकल करू नका. मासा म्हणजे टेस्ट डेटा नाही.

माझा अमोनिया दोन आठवड्यांत शून्यावर आला. मला वाटलं झालं. नायट्राइट मात्र वरच. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी टेस्ट, रोज तोच जांभळा रंग. आई म्हणाली, “रोज त्या बाटलीकडे असं काय बघतोस, रिझल्ट आहे का?” 38 व्या दिवशी नायट्राइट शून्य. आज अमोनिया टाकला, उद्या दोन्ही शून्य, असं सलग दोनदा झालं, तेव्हा पहिला मासा आला. एक क्लाउनफिश.

यानंतर जे होतं त्याला लोक ‘अग्ली स्टेज’ म्हणतात. पांढरा दगड आधी तपकिरी, मग हिरवा केसाळ, मग परत तपकिरी. ड्राय रॉकची ही खरी किंमत आहे, ती लपवणार नाही. लाइव्ह रॉकवर आधीच सगळी जागा व्यापलेली असते, इथे मोकळा प्लॉट असतो आणि आधी येतं ते शेवाळ. माझं चार महिने चाललं. तिसऱ्या महिन्यात टँक ओएलएक्सवर टाकायचा मजकूर लिहून ठेवला होता मी. मग रावेतच्या एका मित्राने त्याच्या टँकमधला एक जुना पंप दिला, जांभळ्या कोरलाइन शेवाळाने मढलेला. त्यावर ऐप्टेसिया नाही ना, हे भिंगाने बघून घेतलं (ही एक उपद्रवी समुद्रफूल जात आहे, एक आलं की शंभर होतात) आणि पंप तसाच चालू केला. पाच-सहा आठवड्यांनी माझ्या सिमेंटच्या दगडावर पहिला जांभळा ठिपका आला. कोंबड्यांच्या शेल ग्रिटवर! मी त्याचा फोटो काढून त्या पोल्ट्रीवाल्याला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली गुरुवार. आपल्याकडे गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी जाते, ते काही नवीन नाही. पण लक्षात ठेवा, दगड आणि वाळूतले बॅक्टेरियाही ऑक्सिजन खातात. पंप बंद झाला की दोन-तीन तासांत फरक पडायला लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप, चारशे-पाचशे रुपयांचा, आधी घ्या, दिवे नंतर.

दुसरी, आणि ही मला उशिरा कळली. मी टँकमध्ये फक्त मऊ प्रकार ठेवतो, झोअँथिड आणि मशरूम. हे कडक कोरल नाहीत. पण दुकानात ते बऱ्याचदा दगडाच्या तुकड्यावर चिकटलेले मिळतात, आणि तो तुकडा उलटा करून बघितला की खाली चांदण्या असतात. म्हणजे वरचं चालतं, खालचं नाही. म्हणून विचारा: प्लगवर आहे का? सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या छोट्या चकतीवर वाढवलेलं, कुणाच्या तरी टँकमध्ये कापून लावलेलं. रावेतचा मित्र आता असेच प्लग करतो, आणि मला दोन दिलेत. एक मेला. दुसऱ्याची आज मोजली, सात तोंडं झालीत.

पुढच्या भागात मीठ: किती, कुठलं, आणि घरच्या आरओच्या पाण्यात ते का कालवायचं नाही. चाकणच्या बसमधल्या भावा, तुझा प्रश्न झाला का सांग, आणि यावेळी बसमधून उतरून रेकॉर्ड कर.